दीडशेची केबल, चौदाशेची बॅटरी

बाबांचा फोन बिघडलाय असं आम्ही सगळे तीन आठवडे धरून चाललो होतो. रात्री दहाला चार्जिंगला लावायचा आणि सकाळी सहाला बघावं तर ७२ टक्के. चार्जिंगला लावूनच ते कीर्तन बघायला बसले, की आकडा वर जायच्याऐवजी खाली. "पाच वर्षं झाली, बॅटरी गेली असणार," असं मीच निदान केलं आणि चौदाशे रुपये मोजून नवी टाकून आणली. काडीचा फरक पडला नाही.

फसवत होती ती ठाणे स्टेशनबाहेर दीडशेला घेतलेली केबल. जाडजूड, कापडी विणीची, पिनवर ठसठशीत '६५ वॅट' छापलेलं. विकणारा म्हणाला होता, "ताई, ओढून बघा, तुटणार नाही." ओढली, नाही तुटली. झालं, घेतली.

एक खूण तर समोरच होती. फोटो काढून घ्यायला त्याच केबलने फोन लॅपटॉपला जोडला, तर लॅपटॉपला फोन दिसेचना. मी लॅपटॉपला शिव्या घालून मोकळी झाले.

शेवटी आमच्या गल्लीतल्या रिपेअरिंगवाल्या दादांनी फोन उघडलाच नाही. "केबल आणलीय का घरची?" एवढंच विचारलं. केबल आणि फोनच्या मध्ये त्यांनी व्होल्ट आणि करंट दाखवणारा अंगठ्याएवढा यूएसबी मीटर लावला. चार्जर पाच व्होल्ट देत होता, पण फोनपाशी पोचत होते ४.५ आणि करंट जेमतेम अर्धा अँपिअर. मग तोच चार्जर, तोच फोन आणि त्यांची स्वतःची केबल. क्षणभर ५ दिसले आणि आकडा उडी मारून थेट ९ व्होल्टवर गेला.

"आता फोनने चार्जरकडे जास्त व्होल्ट मागून घेतले," दादा म्हणाले.

माझी केबल त्यांनी कापली. बाहेर एवढं जाड प्लास्टिक आणि आत दोनच तारा, शिवायच्या दोऱ्यासारख्या. साध्या यूएसबी केबलमध्येही चार असतात: लाल-काळी विजेसाठी, हिरवी-पांढरी चार्जर आणि फोनच्या बोलण्यासाठी. बोलायच्या तारा नसल्या की समोर कोण आहे हे फोनला कळत नाही, मग तो भीत भीत थोडाच करंट ओढतो. आणि तार बारीक असली की तेवढ्या करंटलाही वाटेतच व्होल्टेज पडतं. दादांनी चुंबकी स्क्रूड्रायव्हर तारेजवळ नेला तर तार टुणकन चिकटली. तांबं चिकटत नाही. वरून तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड होतं ते.

'६५ वॅट' तर निव्वळ शाई. एवढी वीज घेणाऱ्या लॅपटॉपला साधारण २० व्होल्टवर सव्वातीन अँपिअर लागतात, आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलमधून ३ अँपिअरच्या वर जायचं तर पिनमध्ये ओळख सांगणारी चिप असावी लागते. इथे ताराच पुऱ्या नव्हत्या.

नंतर वाचलं की आपलं स्वस्तात निभावलं. २०१६ मध्ये गुगलमधले इंजिनिअर बेन्सन ल्युंग यांनी ऑनलाइन मिळणाऱ्या केबल तपासताना एक लावली, तर तिच्यात वीज आणणारी आणि परत नेणारी (ग्राउंड) अशा दोन तारा उलटसुलट जोडलेल्या निघाल्या. त्यांचा लॅपटॉप जागीच गेला.

तेव्हा फोन हळू चार्ज व्हायला लागला तर आधी दुसऱ्या कुणाची तरी, फोनसोबत आलेली केबल लावून बघा. पैसे लागत नाहीत. नवी घ्यायची तर पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या आणि तिथेच फोन लावून 'फास्ट चार्जिंग' येतं का बघा. जमलं तर लॅपटॉपलाही जोडून बघा.

आमची जुनी बॅटरी तर दुकानदाराने ठेवून घेतली. तिला काहीही झालेलं नव्हतं, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.