गुळवेल म्हणून विकलेली गाठाळ वेल

मुलुंड स्टेशनबाहेर कुंड्या मांडून बसणाऱ्या एकाने माझ्या सासूबाईंना "कडुनिंबावरची अस्सल गुळवेल" म्हणून एक कुंडी आणि सुक्या कांड्यांची जुडी दिली, 600 रुपयांना. शुगरची गोळी चालू असल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं. तरी तो म्हणाला, "कितीही दिवस काढा घ्या, काही होत नाही." मला सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते. गुळवेलीने साखर उतरू शकते आणि गोळीही तेच काम करते, एवढं तरी विकणाऱ्याला माहीत हवं.

काही आठवड्यांत त्यांचं जेवण तुटलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, खूप वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "काढा वगैरे घेता का?" तो बंद केल्यावर रिपोर्ट हळूहळू उतरले.

उरलेली कांडी ओळखीच्या वैद्यबाईंना दाखवली. त्यांनी ती माझ्या हातात देऊन बोट फिरवायला सांगितलं. कारल्याच्या पाठीसारखी खडबडीत! खऱ्या गुळवेलीच्या सालीवरही बारीक उंचवटे असतात, पण एवढ्या ठसठशीत गाठी नसतात. कुंडीतली फांदी कापली तर दुधासारखा चीक आला. गुळवेलीला असा चीक नसतो. ही टिनोस्पोरा क्रिस्पा, म्हणजे गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्या जवळची दुसरी जात असावी, असं त्या म्हणाल्या. पानं दोन्हींची हृदयाच्या आकाराची, म्हणून नुसत्या पानावरून ओळखायला जाऊ नका.

विक्रेत्याला जाब विचारला तर म्हणे, "वेल जून झाली की गाठी येतातच." पावती नव्हती, त्यामुळे तक्रारीला धरायला काहीच नाही. पुढे तो तिथे दिसलाच नाही.

2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, गुळवेल सुरक्षित आहे, पण क्रिस्पाशी गल्लत होऊ शकते. नंतर खऱ्या गुळवेलीनेही काहींना त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. म्हणून यकृताचा किंवा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असेल, गरोदरपण असेल, शुगरची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अस्सल वेलीचाही काढा घेऊ नका. आणि चालू असताना भूक मेली, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी थांबवा.

लावायचीच असेल तर जाणकाराने ओळखून दिलेल्या वेलीची बोटाएवढी जाड, दोन-तीन पेरांची कांडी आणा. जूनमध्ये पाऊस लागला की कुंडीत खोचा, ग्रिलवर आपोआप चढते. स्टेशनबाहेरून सुक्या कांड्या मात्र अजिबात घेऊ नका; सुकलेल्या तुकड्यात चीक दिसत नाही, आणि पानं तर नसतातच.