अपेंडिक्सची शंका: सोनोग्राफी की सीटी स्कॅन?

बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे उजव्या बाजूला खाली सरकले आणि डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका बोलून दाखवली. अशा वेळी खानापुरातच सोनोग्राफी करावी की थेट बेळगाव गाठून सीटी स्कॅन करून घ्यावा, असा प्रश्न तिथल्या एका कुटुंबाने विचारला आहे.

सोनोग्राफीचा खर्च कमी असतो आणि तिच्यात क्ष-किरणांचा संबंध येत नाही. अचूकतेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहावा लागतो, कारण अपेंडिक्ससारखेच दुखणारे आजार अनेक आहेत. बीजांडकोशाला पडलेला पीळ, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ किंवा मुलांमध्ये आतड्याजवळ सुजलेल्या लसिकाग्रंथी यांचा शोध सोनोग्राफीने बऱ्यापैकी लागतो. परंतु पोटात वायू असेल, रुग्ण स्थूल असेल किंवा अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेले असेल, तर ते अनेकदा दिसतच नाही. आणि ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘सुजलेले नाही’ असा होत नाही, हे रिपोर्ट हाती आल्यावर सहज विसरले जाते. असे दडलेले अपेंडिक्स, मूत्रवाहिनीतला खडा किंवा क्षयरोगाने जाड झालेले आतडे सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसते. शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून दिले जाणारे द्रव्य) द्यायचे असल्यास मूत्रपिंडांचे कार्य आधी तपासावे लागते.

म्हणून मुले, गर्भवती आणि तरुण स्त्रिया यांच्यासाठी आधी सोनोग्राफीच योग्य, तर वयस्कर किंवा स्थूल रुग्णांसाठी, तसेच सोनोग्राफीनंतरही निदान अनिश्चित राहिलेल्या प्रौढांसाठी सीटी स्कॅन. पोट कडक झाले असल्यास मात्र आधी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. कोणती तपासणी करायची, ते तिथले सर्जन ठरवतील.