'मार्ज' पी-३८ चं १:४८ मॉडेल: तीन महिने जोडलं, नऊ महिने फळीवर आहे, आता लिहितोय

किट घेऊन वर्ष होत आलं, त्यामुळे आता जरा हक्काने बोलू शकतो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण पुढे त्यांना थोडं बोललोय. साडेचार हजाराला पडलं. पंख साधारण ३३ सेमी होतात, तेव्हा घ्यायच्या आधी फळी मोजून घ्या, मी मोजली नव्हती आणि दोन फोटोफ्रेम हलवाव्या लागल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पी-३८ हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान, आणि 'मार्ज' हे पायलट रिचर्ड बाँगचं. विस्कॉन्सिनमधल्या पॉप्लर गावचा शेतकऱ्याचा पोरगा, न्यू गिनी आणि फिलिपिन्सकडे जपान्यांशी लढला, ४० विमानं पाडली आणि सगळी पी-३८ मधूनच. अमेरिकन पायलटांमध्ये हा आकडा आजपर्यंत कोणी गाठला नाही. मजा म्हणजे आपला नेम काही फार चांगला नाही असं तो स्वतःच सांगायचा आणि म्हणून अगदी जवळ जाऊन गोळ्या झाडायचा. पी-३८ त्यासाठी बरोब्बर विमान होतं, कारण दोन्ही इंजिनं बाजूच्या दोन दांड्यांवर, त्यामुळे नाकासमोर पंखाच नाही, चार मशीनगन आणि एक २० मिमीची तोफ सगळं नाकातून सरळ जातं. किटमध्ये मात्र या पाचही नळ्यांची तोंडं बंद येतात, बारीक ड्रिलने स्वतः भोकं पाडायची, मी एक वाकडं पाडलंय, कुठलं ते सांगणार नाही.

जोडताना दोन जागी रडलो. एक म्हणजे पंखे. या विमानाचे दोन पंखे उलटसुलट दिशेने फिरतात, म्हणजे पात्यांचा पीळ डावी-उजवीकडे वेगळा. स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, दोन्ही जवळजवळ चिकटून येतात आणि कापल्यावर सारखेच दिसतात. मी बदली लावले, रंग देऊन झाल्यावर लक्षात आलं, मग ब्लेडने सोडवून परत. कापायच्या आधीच टेपवर डावा-उजवा लिहून चिकटवा.

दुसरं म्हणजे वजन. खऱ्या विमानात पुढे इंजिनांचा भार असतो, प्लास्टिकला तो कुठला, त्यात मागे दोन लांब दांड्या आणि शेपटी, त्यामुळे नाकात वजन भरलं नाही तर विमान बुडावर बसतं. माहितीपत्रकात सांगितलं होतं तेवढं भरलं आणि सगळं चिकटवून टेबलावर ठेवलं तर हळूच नाक वर! च्यायला, तोपर्यंत कॉकपिट बंद झालेला. शेवटी मासे पकडायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या बारीक करून पुढच्या चाकाच्या खोबणीतून अॅराल्डाइटबरोबर कोंबल्या. उभं राहिलं. पण आता सातव्या-आठव्या महिन्यात कळलं की तेवढ्या भाराने पुढच्या चाकाची दांडी वाकायला लागलीय. हे कोणी आधी सांगत नाही, कारण सगळे रिव्ह्यू जोडून झाल्याच्या दिवशी लिहितात.

रंगाबद्दल थोडक्यात. मार्ज बिनरंगाची होती, उघडं अॅल्युमिनियम आणि पंखांची टोकं वगैरे लाल. चंदेरी रंग ठाण्याच्या पावसाळ्यात मारू नका, पांढरट धुकं चढतं, माझा पूर्ण उजवा पंख पॉलिश पेपरने घासून दुसऱ्यांदा मारला.

डीकलवर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांवर, मात्र बोलायचंच आहे, कारण या विमानाचा सगळा जीव तिथे आहे. नाकाच्या डाव्या बाजूला मार्ज व्हॅटेन्डाल, म्हणजे बाँगची मैत्रीण, हिचा फोटो. मूळ विमानावर हा चितारलेला नव्हता, तिचा फोटो मोठा करून चक्क चिकटवला होता. किटमध्ये तो नखाएवढा येतो आणि माझ्या शीटवर छपाई सरकलेली, ओठ हनुवटीच्या बाजूला. भिंगातून बघितलं तर ठिपके. साडेचार हजारात एक चेहरा नीट छापता येऊ नये? दुसऱ्या कंपनीचं सुटं डीकल मागवलं, वर आणखी सहाशे.

शेपटीवरच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे ९९३. हे विमान बाँगच्या हातून गेलंच नाही, मार्च १९४४ मध्ये दुसराच पायलट, थॉमस मॅलोन, ते घेऊन गेला होता, तो पॅराशूटने वाचला आणि विमान जंगलात पडलं. २०२४ मध्ये पापुआ न्यू गिनीत सांगाडा सापडला तो याच ९९३ वरून ओळखला, पंखाच्या टोकाला लाल रंगसुद्धा दिसत होता. ते फोटो बघितले म्हणून तर मी किट घेतलं. बाँग नंतर १० फेब्रुवारी १९४५ ला मार्जशी लग्न करून ६ ऑगस्टला कॅलिफोर्नियात नवीन जेट चालवताना गेला, म्हणजे हिरोशिमाच्याच तारखेला. सहा महिनेसुद्धा संसार नाही.

आईला विमानात रस नाही, पण बाँग आवडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला घरांवरून फार खालून विमान नेलं म्हणून त्याचा वरिष्ठ जनरल केनीने त्याला एका बाईंचे कपडे वाळत घालायला पाठवलं, असा किस्सा केनी सांगायचा, तो आईला मी सांगितला होता. शनिवारी फळी पुसायचं काम तिचंच. मी दांडीवरचे टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे भाग, दिसावेत म्हणून विमान तिरकं ठेवतो, ती पुसून झालं की मार्जचा चेहरा हॉलकडे करून ठेवते. पुसताना एकदा पंखाखालची बारीक नळी मोडली, पण ती तशीही माझ्याच हातून दोनदा मोडलेली. आता मी विमान परत फिरवत नाही.

दहापैकी सात. पुढच्या चाकाची धातूची दांडी मागवलीय, ती बसली तर साडेसात.