हेलिओस ४४-२ आणि सोनी ए६०००: पावसाळा, हिवाळा आणि धुळ्याचा उन्हाळा वापरून झाल्यावर

जूनमध्ये घेतलेली लेन्स, आता मे संपत आला, म्हणजे खानदेशातले सगळे ऋतू तिने खाल्ले, तर आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकतो, मागचा गरगर फिरणारा बोके (विषयामागचा धूसर भाग) बघून घेणार असाल तर जरा थांबा. तो बोके या लेन्सची सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे असं माझं मत झालंय. लेन्स मात्र विकणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ५८ एमएम, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान तितकं उजेड आत यायचं भोक मोठं), रशियन, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची. डिझाइन मूळ जर्मन, कार्ल झाइस येनाच्या बायोटारवरून उचललेलं. माझ्या पीसवर प्रिझमचं चिन्ह आहे म्हणजे क्रास्नोगोर्स्कचा कारखाना, आणि नंबर ७८ ने सुरू होतो म्हणजे १९७८ चा. इथल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांना दाखवली तर त्यांनी हातात घेऊन रिंग फिरवली न् म्हणाले, "मन्हाकडे बी व्हता हाऊ!" आणि मग अर्धा तास झेनिटच्या गोष्टी आणि चहा, ते असो.

माउंट (कॅमेऱ्याला जोडायची जागा) एम४२, म्हणजे चक्क स्क्रूची लेन्स, फिरवून बसवायची. मिररलेसवर, म्हणजे ए६००० सारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर, बसवायला काहीच त्रास नाही, कारण एम४२ ला सेन्सरपासून ४५.४६ एमएम अंतर लागतं आणि सोनीचं माउंट आहे १८ वर, मधला फरक साध्या रिकाम्या नळीने भरून निघतो, काच नाही काही नाही, म्हणून अ‍ॅडाप्टर स्वस्त. कॅननच्या डीएसएलआरवरही (आरशाच्या कॅमेऱ्यावर) पातळ रिंगने चालते. निकॉन डीएसएलआरवाल्यांची मात्र पंचाईत, तिथे अंतर ४६.५ असल्यामुळे लांबचं फोकसच लागत नाही, मग मध्ये काच घातलेला अ‍ॅडाप्टर घ्या आणि क्वालिटी घालवा. मेन्यूत जाऊन लेन्सशिवाय शटर चालू द्यायचं सेटिंग ऑन करा, नाहीतर कॅमेरा फोटोच काढत नाही आणि लोक समजतात लेन्स खराब निघाली.

आता तो बोके. कडेचे प्रकाशाचे ठिपके गोल न राहता बदामासारखे दबतात आणि मध्याभोवती रांगेने लागतात, त्यामुळे फिरल्यासारखं दिसतं. पण हे कडेला होतं, आणि ए६००० चा एपीएस-सी सेन्सर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) नेमक्या कडाच कापतो. उरलेलं जे दिसतं त्यालाही अटी आहेत: लेन्स एफ/२ ला पूर्ण उघडी, विषय मीटर-दोन मीटरवर, आणि मागे बारीक पानांचं झाड ज्याच्यातून आभाळ तुकड्या-तुकड्याने दिसतंय. कडुनिंब, चिंच, बाभूळ यांच्यापुढे मस्त येतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत गेलो तर काहीच नाही, पान एवढं मोठं की मागे नुसता हिरवा पडदा. आणि फेब्रुवारीनंतर धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगरावर पानंच राहत नाहीत, मग काय फिरणार, डोंगर?

मग ठेवली कशासाठी, तर रिंगांसाठी. ४४-२ ला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंग आहेत, म्हणजे ते उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या. पुढच्या रिंगवर तुम्ही ठरवता की मला ५.६ हवंय, मागची रिंग बिनाक्लिकची, ती एफ/२ पासून त्या ५.६ पर्यंत फिरते आणि तिथे जाऊन अडते. म्हणजे डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला, एफ/२ वर उघड्यात फोकस बारीक लावायचा, मग बोटाने रिंग अडेपर्यंत फिरवायची आणि शटर दाबायचं, कुठेही बघायची गरज नाही. पिकिंग (जिथे फोकस लागलाय तिथल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यांना याचा फार फायदा, कारण एफ/८ ला पिकिंग लावलं की अर्ध्या फ्रेमवर रंग फासला जातो आणि नेमकं शार्प काय ते कळत नाही, एफ/२ ला फक्त बारीक रेघ दिसते. पिकिंगचा रंग हिरव्या गवतात लाल ठेवतो, पळस फुलला की पिवळा, नाहीतर फुलात फोकस शोधत बसावं लागतं. शेवटची खात्री मॅग्निफाय करून, ते एका बटणावर टाकून ठेवलंय.

फोकस रिंगही अशीच, खूप लांब फिरते, केसभर सरकवता येते. आजकालच्या किट लेन्सची (कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या लेन्सची) रिंग मोटरला नुसता निरोप देते, मधलं काही हाताला लागतच नाही. इथे रिंग फिरली की काच पुढे सरकते, एवढंच.

सगळ्यात जास्त मजा आली नकाणे तलावाच्या काठी, डिसेंबरच्या सकाळी. टाचण्या (चतुरासारख्याच पण बारीक, पंख मिटून बसणाऱ्या) गवताच्या काडीला धरून बसलेल्या असतात, अंगावर दव, ऊन लागेपर्यंत गार पडलेल्या, उडत नाहीत. लेन्स नुसती असली तर अर्ध्या मीटरच्या आत फोकस होत नाही, म्हणून एम४२ च्या एक्स्टेन्शन रिंग (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायच्या नळ्या) घेतल्यात, ७, १४ आणि २८ एमएमचा सेट येतो, आत काच नसल्यामुळे एकदम स्वस्त. २८ ची लावली की विषय सेन्सरवर साधारण अर्ध्या आकाराचा येतो आणि लेन्सचं तोंड त्याच्यापासून एक वीतभर लांब राहतं. इथे रिंग फिरवून फोकस करायचा नादच सोडा, कोपर जमिनीला टेकवा आणि अख्खं शरीर पुढे-मागे हलवा, डोळ्यावर लाल रेघ आली की थांबा. टाचणीचे दोन डोळे एफ/८ ला शार्प, त्यावरचे दवाचे थेंब मोजता येतील असे, आणि शेपटीकडे जाईपर्यंत सगळं विरघळलेलं. ती काडीला समांतर बसली असेल तर तुम्हीही बाजूने समांतर व्हा, मग शेपटीपण हाती लागते. वारा सुटला की गाशा गुंडाळायचा. ए६००० मध्ये बॉडी स्टॅबिलायझेशन नाही आणि लहान सेन्सरमुळे ५८ ची लेन्स इथे ८७ एमएमसारखी दिसते, त्यामुळे शटर स्पीड १/२५० च्या खाली मी उतरवत नाही, आयएसओ वाढला तर वाढू दे.

असंच एकदा बांधावर पालथा पडलो होतो तर शेतवाले बाबा वर येऊन उभे, "काय करी ऱ्हायना भाऊ, मोजणी शे का?" त्यांना वाटलं रस्त्यात जमीन जाते की काय. स्क्रीनवर कोळी दाखवला तेव्हा कुठे हसले.

उन्हाकडे तोंड करून काढायला ही लेन्स वेगळीच आहे. कोटिंग जुनं, त्यामुळे सूर्य फ्रेमच्या कडेला आला की सगळा फोटो धुवट होतो. ऑक्टोबरात पवन्या, कुसळी वाळून सोनेरी झालेली असते आणि लळिंगच्या कुरणात सकाळचं ऊन त्यातून येतं, तिथे तो धुवटपणा छान वाटतो (मोज्यात घुसलेली कुसळं घरी येऊन काढत बसावी लागतात तो भाग वेगळा). पण तोरणमाळला पावसाळ्यात धुक्यात गेलो तर नुसतं दूध. धुकं आधीच फिकं, लेन्स अजून फिकी, रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) मध्ये कॉन्ट्रास्ट ओढून ओढून थोडं काही वाचलं. ४९ एमएमचं धातूचं हूड लावा, फरक पडतो. पांढऱ्या फुलांना कडक उन्हात एफ/२ ला जांभळी किनार येते, एफ/४ ला बरीच जाते. शार्पनेसही एफ/४ पासून पुढे खरा, एफ/२ ला मऊ आहे, काहींना ते आवडतं, मला पानाफुलांना चालतं, किड्यांना नाही.

आता आपल्या हवेचं. फंगसची, म्हणजे काचेवरच्या बुरशीची, भीती कोकणवाल्यांएवढी नाही, तरी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलबरोबरच ठेवली. आपला खरा शत्रू फुफाटा, म्हणून अ‍ॅडाप्टर लेन्सलाच कायमचा लावून टाकलाय आणि रानात लेन्स बदलत नाही. जुन्या ग्रीसला तर हवामान खात्यापेक्षा जास्त कळतं. थंडीत पारा ८ च्या खाली गेला की फोकस रिंग दोन बोटांनी हलत नाही, मुठीत धरून जोर लावावा लागतो, आणि आता मे मध्ये ४३-४४ ला तीच रिंग इतकी सैल की लेन्स खाली केली तर आपोआप सरकते. उष्णतेने ग्रीस पातळ होऊन तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं, माझ्यात आहे. ऑटो अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये तेलाने पाती चिकटली की स्प्रिंगला ती वेळेत मिटवता येत नाहीत आणि फोटो जास्त उजेडाचा येतो. इथे पाती हातानेच फिरतात, त्यामुळे तेल असलं तरी काम अडत नाही.

घेताना टॉर्च मारून आरपार बघा, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ते फंगस, सोडून द्या. थोडी धूळ असेल तर फोटोत दिसत नाही. मला ऑनलाइन विकणाऱ्याने "मिंट" (नव्यासारखी) सांगितलेली, उघडली तर धूळ आणि ते तेल, मिंट शब्दाला काही किंमत राहिलेली नाही, पण भाव पाडून घेतला. ४४एम-४ किंवा त्यापुढची मिळत असेल तर तिला मागे पिन असते, ती दाबून धरणारा अ‍ॅडाप्टर लागतो, साध्यावर अ‍ॅपर्चर मिटणारच नाही. ४४-२ ला ही भानगड नाही.

पक्ष्यांसाठी विचारणाऱ्यांना एकच सांगणं, नाही. वेडा राघू तारेवर बसलेला असला तरी ८७ मध्ये ठिपका येतो, आणि उडाला की तुमचा हात रिंगवर पोचेपर्यंत तो परत येऊन बसलेलाही असतो. त्याला ऑटोफोकसची लांब लेन्सच पाहिजे. किट लेन्सही विकू नका, घरच्या लग्नात हेलिओस घेऊन गेलात तर मावशी-काकू डोळे मिटेपर्यंत तुमचा फोकस लागत नाही. माझ्या बॅगेत दोन्ही असतात, पुढच्या महिन्यात पाऊस पडला की मखमली किड्यांसाठी १४ ची रिंग लावून ठेवणार आहे, २८ त्यांना जास्त होईल असा अंदाज.