अॅम्प काढायला गेलो आणि पहिल्यांदा बॉनेट उघडलं

गाडी विकायची ठरली म्हणून डिकीतला अॅम्प (गाण्याचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) काढून घ्यायला बेळगावातल्या या दुकानात गेलो होतो. खानापूर रोडनं तिसऱ्या गेटच्या पुलावरनं खाली उतरून उद्यमबागेकडं जाताना लागतंय, पाटी बारकी आहे, सावकाश चालवा.

खरं सांगायचं तर आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथला पोरगा सरळ पक्कड घेऊन डिकीत वाकला, बॅटरी तशीच लागलेली, आणि लाल जाड वायर कापायलाच लागणार तेवढ्यात मी थांब रे म्हटलं आणि गाडी काढून निघालो. तेव्हा नुसतंच कायतरी चुकतंय असं वाटलं होतं, का चुकतंय ते इथं आल्यावर कळलं.

इथले मामा पन्नाशीचे असतील. डिकीकडं बघितलंसुद्धा नाही, पहिला प्रश्न, "किल्ली काढलासा काय?" मग बॉनेट उघडून 10 नंबरच्या पान्यानं बॅटरीचं काळं टर्मिनल सोडवलं आणि परत उडी मारून चिकटू नये म्हणून कापडात गुंडाळून बाजूला सारलं. मी विचारलं, मामा अॅम्पला तर लाल वायर जाते मग काळी आधी का? म्हणाले, गाडीची सगळी बॉडी काळ्याला जोडलेली असतीया, लाल सोडवताना पाना बॉडीला टेकला की डायरेक्ट शॉर्ट, 12 व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक हलक्यात घेतात पण शॉर्ट झाली की तीच बॅटरी शेकड्यांनी अँपिअर सोडती, पाना लालभडक होतो, आणि बॅटरीतनं गॅस येत असला तर ठिणगी पडली की संपलंच. काळं आधी सुटलं की मग लाल कुठंही टेकू दे, करंटला परत यायला वाटच नाही.

मग फ्यूज शोधायला लागले तर बॅटरीजवळ फ्यूजच नाही! ज्यानं पूर्वी बसवलं होतं त्यानं फ्यूज डिकीत अॅम्पच्या शेजारी लावलेला. म्हणजे इंजिनापासून डिकीपर्यंतची सगळी वायर चार वर्षं बिनफ्यूजची, आणि इंजिनकडनं आत जाते त्या पत्र्याच्या भोकाला रबर बसवलेलं नाही, पत्र्याच्या धारेनं घासून घासून कोटिंग निघून आतलं तांबं दिसत होतं. मामांनी टॉर्च मारून दाखवलं. अहो त्याच गाडीतनं बायकापोरांना घेऊन कितीदा चोर्ला घाटानं गोव्याला गेलोय, पाय गार पडले माझे. फ्यूज बॅटरीपासनं हातभर अंतरात, दीड फुटाच्या आत पाहिजे, कारण तो अॅम्पला नाही, वायरला वाचवायला असतोय, हे मला त्या दिवशी समजलं.

डिकीतलं काम पण ठराविक क्रमानं. माझ्याकडं एक फॅरडचा कपॅसिटर होता, बॅटरी सुटली तरी त्यात चार्ज राहतो, तो स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून उतरवायचा नसतो. मामांनी त्याची वायर सोडवून दोन टोकांना पार्किंगचा बारका बल्ब लावला, पेटला आणि हळूहळू मंद होत विझला. मग अॅम्पची पॉवर, मग रिमोटची (अॅम्पला चालू हो म्हणून सांगणारी) निळी वायर, स्पीकर, आरसीए (पुढच्या डेककडनं गाणं आणणारी केबल), आणि सगळ्यात शेवटी ग्राउंड, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर. मामांच्या हाताखालचा पोरगा ग्राउंडचा स्क्रू आधी सैल करायला लागला तर मामा कन्नडमध्ये ओरडले, निधान, निधान! म्हणजे सावकाश. नंतर मला सांगितलं की पॉवर चालू असताना ग्राउंड सुटला आणि आरसीए लागलेली असली तर करंट त्या बारक्या केबलच्या जाळीतनं परत जायला बघतो आणि पुढचा डेक आतनं जळतो. आज बॅटरी सुटलेली होती म्हणून काय झालं नसतं, पण हाताला सवय तीच पाहिजे म्हणाले. मला हे लई आवडलं.

वायर कापून आत सोडून दिली नाही, दाराच्या खालची पट्टी काढून पूर्ण ओढून बाहेर काढली, सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नको म्हणून पोराला आधीच सांगितलेलं, ते एअरबॅगचं असतंय. पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवलं. शेवटी काळं टर्मिनल जोडलं, घड्याळ लावून दिलं, काच वर करून बटण धरून ठेवून ऑटो विंडो पण परत सेट करून दिली.

दीड तास लागला, 600 रुपये घेतले. बसायला एकच खुर्ची, सावली नाही, बिल साध्या कागदावर, आणि दुपारनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी दहाच्या आत जावा. स्टार पाचच्या पाच.

अॅम्प आता थोरल्या भावाच्या गाडीत बसवायचाय, तो खानापुरातनं शनिवारी येतोय, इथंच आणणार. अॅम्पवर 30-30 चे दोन फ्यूज आहेत म्हणून मामांनी बॅटरीजवळ लावायला 60 अँपिअरचा आणि 4 गेजची (जाडीचं माप) पूर्ण तांब्याची वायर आणायला सांगितलीय, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली आणू नका म्हणून दोनदा बजावलंय.