जांबोटीतील श्रमदान: नियोजन उत्तम, अवजारे अपुरी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याच्या २२ सहकाऱ्यांनी ऑक्टोबरमधील एका रविवारी खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ रानमोडी हे झपाट्याने पसरणारे परदेशी तण काढण्याचे श्रमदान केले. माणशी ३५० रुपये घेऊन एका स्थानिक निसर्गसंस्थेने त्याचे आयोजन केले होते.

वेळेची निवड अचूक होती. पावसाळा सरताना जमीन ओली असल्याने रोप मुळासकट उपटता येते आणि फुलोरा येऊन तिचे हलके बी वाऱ्यावर पसरण्यापूर्वीच काम उरकते. नुसते कोयत्याने छाटल्यास बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात, हे मार्गदर्शकांनी गतवर्षीचे खोड दाखवून समजावले. दिवसभर लेथवर उभी राहणारी आमची मंडळी तासाभरात कंबर धरून बसली, हे मात्र मान्य केले पाहिजे.

जेवणानंतर २०११ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या भीमगडाविषयी, तेथील म्हादई नदीच्या उगमाविषयी आणि बारापेडे गुहांमधील दुर्मीळ वटवाघळांविषयी माहिती मिळाली. गुहा पाहण्याचा आमचा हट्ट मार्गदर्शकांनी, वटवाघळांना त्रास होतो म्हणून, ठामपणे नाकारला. मला ते आवडले.

उणिवा साध्याच, पण टाळता येण्याजोग्या आहेत. २२ जणांत कुदळी नऊच होत्या, हातमोजे पहिल्या तासातच फाटले आणि महिला सहकाऱ्यांसाठी स्वच्छतागृहाची सोय नव्हती. झुणका-भाकरी चविष्ट होती, मात्र ती अडीच वाजता मिळाली. नोंदणी करताना अवजारांची संख्या आधी विचारून घ्यावी आणि जाड हातमोजे स्वतःचेच न्यावेत.