लॅटानोप्रोस्टचे थेंब: औषध उत्तम, नवतपात सांभाळणं कठीण

काचबिंदूच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा पहिलं नाव याचंच असतं: लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के, अडीच मिलीची इवलीशी बाटली, रोज रात्री एक थेंब. डोळ्यातला दाब साधारण २५ ते ३० टक्के उतरतो आणि एका थेंबाचा असर २४ तास टिकतो. म्हणून कामाच्या बाबतीत तक्रार नाही. दोनदा टाकल्याने मात्र जास्त फायदा होत नाही, उलट असर कमी होतो. नजर सुधारेल ही अपेक्षाही नको. आहे ती टिकवायला हे औषध आहे, आणि ‘काही फरक नाही’ म्हणून बाटली बंद करणारे इथेच फसतात.

खरी अडचण साठवणुकीची. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालते, पण नागपुरात मे महिन्यातल्या नवतपात, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, २५ अंश कुठून आणायचे? झालाटान या मूळ ब्रँडच्या माहितीपत्रकात वाहतुकीसाठी ४० अंशांपर्यंतची सूट आहे, तीही जास्तीत जास्त ८ दिवस. आपल्याकडे पारा सावलीतच ४५ गाठतो, गाडीच्या डिक्कीचं तर बोलायलाच नको. त्यामुळे धंतोलीतून घ्या की दवा बाजारातून, दुकानदार बाटली फ्रीजमधून काढतो की काउंटरमागच्या फळीवरून, ते आधी बघा. फळीवरून काढली आणि खोक्यावर २ ते ८ अंश छापलेलं असेल, तर घेऊ नका. बर्फाची पिशवी मागून घ्या, पण बाटली बर्फाला थेट चिकटवू नका. घरी फ्रीजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या बाटल्याही मिळतात आणि उन्हाळ्यात त्यांना आमची पसंती आहे. त्यांनाही मर्यादा असते, ती खोक्यावर वाचा. दुपारी कूलर बंद असलेली खोली त्या मर्यादेत बसेलच असं नाही.

बाटलीत सुमारे ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांना महिन्याला ६० लागतात, म्हणजे गालावर सांडायला २० उरतात. बाटली उघडल्याची तारीख पेनने लिहा आणि चार आठवड्यांनी, थोडं उरलं असलं तरी, फेकून द्या.

टाकायची रीत: मान मागे, खालची पापणी ओढून खोबण करायची, एकच थेंब सोडायचा. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा थेंब वाया जातो, डोळ्यात तेवढी जागाच नसते. दुसरं औषध असेल तर मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, १५ मिनिटांनी घाला.

दुष्परिणाम बहुतेक दिसण्याचे. सुरुवातीला डोळे लाल होतात. रात्री थेंब टाकण्याचा एक फायदा हाच, सकाळपर्यंत लाली बरीच उतरते. पापण्यांचे केस लांब, दाट होतात, पापणीची कातडी काळवंडते. औषध थांबवल्यावर हे हळूहळू जातं. ओघळलेला थेंब लगेच टिपला तर कमीही होतं. बुबुळाचा रंग गडद झाला तर मात्र कायमचा. आपल्या एकसारख्या तपकिरी डोळ्यांत तो क्वचितच कळतो, घाऱ्या डोळ्यांत दिसतो. एकाच डोळ्याला औषध असेल तर दोन डोळ्यांतला फरक लोकांच्या लक्षात येतो.

औषध खराब होऊ नये म्हणून बाटलीत घातलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइड या संरक्षकाने कोरड्या डोळ्यांची चुरचुर वाढते. डॉक्टरांकडे ते नसलेली बाटली मागा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगामागचं पातळ आवरण फाटलं असेल, किंवा डोळ्याला हर्पीस विषाणूचा संसर्ग होऊन गेला असेल, तर आधीच सांगा. पहिल्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) सूज येऊ शकते, दुसऱ्यात संसर्ग उलटू शकतो. औषध चालू असताना नजर अचानक धूसर झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दम्याच्या रुग्णांसाठी हे थेंब सहसा चालतात, पण याच औषधाच्या बऱ्याच जोड-बाटल्यांत (एकाच बाटलीत दोन औषधं) टिमोलॉल असतं. त्याने दमा उसळतो, नाडी मंदावते. खोकं जवळपास सारखंच दिसतं. डोळे आल्यावर मेडिकलवाला जे ‘लाली जाणारे’ थेंब हातात ठेवतो, त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं आणि ते काहींचा दाब वाढवतं. म्हणजे रात्री उतरवायचा आणि दिवसा चढवायचा! अशी बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका.